उभ्या गाडीची राखण

निर्मलाआक्का खरात बॅटरीच्या कामाला बसताना पॉलिस्टरची साडी नेसत. एरवी अंगावर सुती असे. कारण कुणी विचारलं तरच सांगत: "ॲसिड सुताला खातं." जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीत त्या पोती शिवायला लागल्या होत्या. तिथे माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या चार्ज करायची एक वेगळी खोली होती आणि त्या खोलीत काम करायला कुणी तयार नव्हतं. आक्का गेल्या. पहिल्या आठवड्यात साडीवर काही दिसलं नाही. साडी धुतली आणि पदराची चाळणी झाली. दुसऱ्या दिवशी त्या पॉलिस्टरची साडी नेसून त्याच खोलीत हजर झाल्या आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या.

निवृत्तीनंतर त्या माहेरी परतल्या. नवरा आधीच वारला होता आणि गावातलं आईचं घर रिकामं होतं. गाव राजूरच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून आत. त्यांच्या वयाच्या बायका दुपारी ओट्यावर बसत तेव्हा आक्का गावातल्या उभ्या गाड्या बघत हिंडत. कुणाच्याही ट्रॅक्टरपाशी थांबायच्या, बॅटरीवर जमलेली पांढरी बुरशी बोटाने दाखवायच्या आणि मालकाला हाक मारायच्या. हाकेत विनंती नसे. "बाहेर ये. हे काय पाळून राह्यला?"

लोक त्यांना टाळत. टाळता येत नसे, कारण बहुतेक वेळा त्यांचं खरं निघे, आणि निघालं की त्या ते दोनदा ऐकवत.

गावाने वर्गणी करून एक जुनी रुग्णवाहिका घेतलेली होती. ग्रामपंचायतीच्या शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी असे. पेशंट नसला की आठवडेच्या आठवडे उभी. मग पेशंट आला की बॅटरी उतरलेली. बॅटरी बदलली, नवीही तशीच बसली. एकदा एका म्हाताऱ्याला छातीत दुखू लागलं तेव्हा अर्ध्या गावाने गाडी ढकलली, ती चालू झाली नाही, आणि म्हाताऱ्याला कुणाच्या तरी जीपमधून न्यावं लागलं. तो वाचला. पण समितीने गाडी विकायचं ठरवलं. अध्यक्ष दामूअण्णांनी मारुतीच्या सभामंडपात बैठक बोलावली. सुट्टीला गावी आलेलो, म्हणून त्या बैठकीला मीही होतो. आक्का बोलावल्याशिवाय आल्या होत्या.

"गाडी चालून खराब होत न्हाई," त्या उभ्या राहून म्हणाल्या. "उभी राहून होती."

"आक्का, उभ्या गाडीला काय काम हाय?" दामूअण्णा हसले. "उभं तर राह्यचं."

"तिच्यातलं घड्याळ चालू हाय का बंद?"

"चालू असंल."

"मंग ते कशावर चालून राह्यलं? तुमच्या पुण्याईवर?"

सभामंडप हसला. दामूअण्णांनाही हसावं लागलं. आक्का हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं: उभी गाडी थोडी थोडी वीज पीत राहते. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर थर धरतो आणि मग ती भरली तरी भरत नाही. उपाय म्हणजे कायम लावून ठेवायचा छोटा चार्जर. तो बॅटरी पूर्ण भरतो आणि मग जेवढी खाली येईल तेवढीच वर घालत राहतो. तो त्या स्वतः आणणार होत्या. समितीने फक्त शेडमधली लाईट द्यायची.

"आन तरी बी चालू न्हाई झाली तर?" कुणीतरी मागून विचारलं.

"एक बार जरी चालू न्हाई झाली, तर इका. मी मधी बोलणार न्हाई."

गावाने ही अट लक्षात ठेवली. आक्कांनीही.

चार्जर आला. डब्याएवढा, वर एक दिवा. भरत असताना लाल, भरल्यावर हिरवा. रुग्णवाहिकेत तोंडातला कफ ओढायचं यंत्र होतं, त्याची स्वतःची छोटी बॅटरी होती. तिच्यासाठी दुसरा, आणखी लहान चार्जर. आक्का रोज सकाळी शेडमध्ये येत, दिवा बघत, आणि तरीही ड्रायव्हर गणेशला चावी फिरवायला लावत. गणेश गावातलाच, लग्न नुकतंच झालेला, आक्कांना घाबरणारा. "दिवा हिरवा हाय ना आक्का," तो एकदा म्हणाला. "दिवा खोटं बोलत न्हाई," आक्का म्हणाल्या, "पण समदं बी सांगत न्हाई. फिरव." रविवारी त्याने गाडी राजूरपर्यंत नेऊन आणायची, हाही नियम होता.

शेडमधल्या त्या प्लगवर गावाचा डोळा होता. दामूअण्णांच्या पुतण्याने एकदा चार्जरची पिन काढून स्वतःचा मोबाईल लावला. आक्कांनी मोबाईल काढला, पिन लावली आणि मोबाईल घेऊन थेट दामूअण्णांच्या ओसरीवर गेल्या. पुतण्या मागे.

"आक्का, दहा मिनिटं तर लावल्ता."

"तुझा फोन बंद पडला तर कोण मरतं रे? उलट दोन-चार पोरींना सुखाची झोप लागंल."

त्यानंतर त्या प्लगला कुणी हात लावला नाही.

आक्कांची सांगण्याची एक पद्धत होती. त्या कारणं देत नसत. चार-पाच शब्दांचा हुकूम देत. "लाल आधी लाव, काळी आधी काढ." "नळाचं पाणी घालू नको." बैठकीत त्या जेवढं बोलल्या तेवढं त्या काळात पुन्हा कधी बोलल्याचं कुणाला आठवत नाही. "लांब सांगितलं की मान्सं जांभया देतात," त्या म्हणत. "चार शब्द द्या, घेऊन जातात." आणि खरोखरच गाव ते शब्द घेऊन जाई.

त्यातला सगळ्यात चाललेला शब्द बॅटरीच्या फवारणी पंपामुळे निघाला. एक जण पंप चार्ज करून गरम असतानाच पाठीवर घेई, संपला की गरम असतानाच पुन्हा लावी, आणि हंगामात बॅटरी मरे. आक्कांनी त्याला कंपनीतला फोर्कलिफ्टचा नियम सांगितला: चार्ज झाली की निवू दे, मग वापर. शब्द होते, "बॅटरीला बी इसावा लागतो." त्याची पुढची बॅटरी टिकली. मग ते वाक्य गावभर झालं. दुपारी पारावर कुणी आडवा झाला की पोरं म्हणत, "झोपू द्या, बॅटरीला बी इसावा लागतो." आक्कांच्या कानावर ते येई. त्यांना ते आवडे, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटे.

त्या वर्षीचा दसरा हा आक्कांनी गाडी हाती घेतल्यानंतरचा पहिलाच. दसऱ्याला त्या दरवर्षी नागपूरला, दीक्षाभूमीवर जात. गावातली पाच-सहा घरं मिळून निघत. निघताना त्यांनी गणेशला बोलावून सांगितलं, "खंडेनवमीला गाडी धुवा, हार घाला, मला काही म्हणायचं न्हाई. बोनटच्या आत पाणी जाऊ देऊ नको." एवढंच. पाण्याचं सांगितलं. प्लगचं सांगायचं त्यांच्या मनात आलं नाही, कारण प्लगला हात लावायची आता गावात कुणाची छाती नव्हती.

पुढचा भाग मी गणेश आणि तिथे असलेल्या इतर तिघांना वेगवेगळं विचारून घेतला. चौघांचं सांगणं जुळतं.

खंडेनवमीला अवजारं धुतात, त्यांना हळदकुंकू लावतात आणि त्या दिवशी कामाला लावत नाहीत. नांगर, ट्रॅक्टर, मळणी यंत्र, सगळं थांबतं. पोरांनी रुग्णवाहिका धुतली. पाणी बोनटच्या आत जाऊ दिलं नाही. बोनट उघडून बॅटरीची पूजा केली. गाडीचा जीव तोच, असं आक्कांमुळेच त्यांना पटलेलं होतं. तेलात कालवलेलं कुंकू वायरी जोडायच्या दोन्ही खुंट्यांवर भरपूर लावलं. मग चार्जर पाटावर ठेवला, त्यालाही कुंकू लावलं. तेव्हा एकाने विचारलं, "ह्याला चालू ठेवायचं का? आज अवजाराला काम लावत न्हाईत."

गणेश म्हणाला, "आक्काच म्हणती ना, बॅटरीला बी इसावा लागतो."

सगळ्यांना ते बरोबर वाटलं. बटण बंद झालं. आरतीला वरचा लाल दिवा फिरता ठेवला, पुढचे दिवे लावले, कुणीतरी मोबाईलवर शूटिंग केलं. प्रसाद वाटून होईपर्यंत दिवे चालू होते. ते नंतर आठवणीने बंद केले. मागच्या कप्प्यातला, पेशंटच्या डोक्यावरचा दिवा तसाच राहिला. काचा दुधी होत्या. दिवसा कळलं नाही. दसऱ्याला मांडलेली पूजा मोडायची नाही म्हणून कुणी शेडमध्ये गेलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ भरून आलं होतं आणि सोयाबीन उघड्यावर होतं. सगळ्या शिवारात मळणीची घाई. मी सुट्टीला गावात होतो. पारावर चहा घेत असताना रस्त्याने मोटरसायकल आली. पुढे दीर, मागे नवरा, मध्ये गावातलीच कविता. कविताचा उजवा हात टॉवेलात गुंडाळलेला आणि टॉवेल पूर्ण भिजलेला. मळणी यंत्रात पेंढी सारताना हात आत ओढला गेला होता.

गावातल्या दोन्ही जीपा भाडं घेऊन बाहेर होत्या. सरकारी रुग्णवाहिकेला फोन लावला. ती दुसरा पेशंट घेऊन निघालेली होती. पण गावाला घाबरण्याचं कारण नव्हतं. गाडी शेडमध्ये होती, हार घातलेली. गणेश धावत आला, आत बसला आणि त्याने चावी फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक्. समोरचे दिवे मंद झाले आणि गेले.

गणेशने काटे, दिवे काहीच बघितलं नाही. त्याने बाहेर उभ्या लोकांकडे बघितलं.

"ढकला!" दामूअण्णा ओरडले. आठ-दहा जणांनी मागे हात लावले.

त्याच वेळी राजूरहून येणारी बस फाट्यावर थांबून गेली होती आणि निर्मलाआक्का खांद्याला पिशवी लावून चालत येत होत्या. पांढरी सुती साडी, नागपूरची. गर्दी बघून त्यांनी पिशवी रस्त्यातच टाकली.

"हात काढा! ही ढकलून चालू होत न्हाई. हिच्या डिझेलच्या पंपाला बी करंट लागतो."

त्यांनी मागच्या दुधी काचेकडे बघितलं, पाटावरच्या चार्जरकडे बघितलं. दिवा लाल नव्हता, हिरवाही नव्हता. त्यांनी बोनट उघडलं. बॅटरीजवळ विझलेल्या उदबत्तीची काडी खोचलेली होती, ती उपटून फेकली. समोर सोयाबीनची ट्रॉली घेऊन निघालेला ट्रॅक्टर थांबला होता. आक्कांनी तो शेडच्या तोंडाशी आणायला लावला आणि त्याच्या बॅटरीची वीज इकडे घ्यायला गाडीतल्या जाड वायरी मागितल्या. गणेशने त्या आणल्या. तो लाल वायरीचा चिमटा घेऊन बॅटरीवर वाकला आणि तिथेच थांबला.

दोन्ही खुंट्या लाल होत्या. कुंकवाने आणि तेलाने. प्लसची खूण त्याखाली गेली होती.

"ही हाय," दामूअण्णा म्हणाले.

"न्हाई, पलीकडची," दुसरा कुणी म्हणाला.

"लाव रे कुठंबी, ती चाल्ली!" कविताचा नवरा ओरडला.

आक्कांनी गणेशचा हात मनगटापाशी धरून बाजूला केला. उलटं लागलं असतं तर ठिणगी उडाली असती, वायरी जळाल्या असत्या, गाडी तिथेच संपली असती. त्यांनी स्वतःचा पदर घेतला आणि खुंट्या पुसायला सुरुवात केली. पदर लाल झाला. त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही खुंट्या चिमटीत धरून चाचपल्या.

"जाड ती प्लस," त्या म्हणाल्या. "ही."

लाल लागली. काळीचं दुसरं टोक त्यांनी बॅटरीपासून लांब, इंजिनच्या लोखंडाला लावलं. ट्रॅक्टर आधीपासून चालूच होता. गणेश पळत जाऊन चावीवर हात ठेवून बसला.

"थांब," आक्का म्हणाल्या.

"आता काय थांब?" नवरा त्यांच्या अंगावर धावून आला. "रगत चाल्लंय तिचं!"

"हिच्यात थेंब न्हाई. थोडं पिऊ दे. आता फिरवली आन बसली तर मंग काहीच न्हाई."

ट्रॅक्टर धडधडत होता. आक्का कवितापाशी गेल्या, तिचा हात डोक्याच्या वर उचलून धरला आणि टॉवेलावरून दाबला. कविताचे ओठ पांढरे पडले होते, पण ती शुद्धीवर होती.

"आक्का, बांगड्या काढा ना. हात सुजून राह्यला."

"काढते."

"हिरव्या हायेत. फोडू नका, काढा."

आक्कांनी बांगड्या एकेक करून काढल्या. एकही फुटली नाही. या अवधीत गावाने गाडीकडे बघायचं सोडून त्या बांगड्यांकडे बघितलं. शेवटची निघाल्यावर आक्का म्हणाल्या, "फिरव."

इंजिन दोनदा कण्हलं. तिसऱ्यांदा लागलं.

लोकांनी आरोळी दिली. कविताला आत घेत असताना गणेश रडत होता. तो चावीवरचा हात न काढता म्हणाला, "आक्का, तुम्हीच म्हणता ना... बॅटरीला बी इसावा लागतो म्हणून... म्हणून बंद केल्तं."

आक्कांनी त्याच्याकडे बघितलं. मागे चढल्या, दार ओढून घेतलं, आणि गाडी गेली.

जालन्यात कविताचा हात वाचला. दोन बोटं गेली. डॉक्टर म्हणाले की ती यंत्रातच गेली होती, लवकर आणली असती तरी काही उपयोग नव्हता. बोटं वाचली असती का, हे आक्कांनी शब्द बदलून पुन्हा विचारलं. डॉक्टरांनी तेच उत्तर दिलं. परत येताना आक्का गणेशशेजारी बसल्या होत्या आणि गाडी गावात येईपर्यंत त्यांनी त्याला एकही हुकूम दिला नाही, हे गणेश आजही सांगतो.

दिवाळीनंतर गावाने त्यांचा सत्कार ठेवला. सभामंडप तोच, शाल आणि नारळ. कविताच्या हातून शाल द्यायची असं ठरलं होतं. ती पट्टी बांधलेल्या हाताने शाल सावरत पुढे आली. दामूअण्णा भाषणाला उठले, त्याच्या आधी आक्का उठल्या.

"गाडी चालू न्हाई झाली," त्या म्हणाल्या. "ट्रॅक्टरनं केली. माझी बोली होती, एक बार जरी न्हाई झाली तर इका. आन ही चूक पोरांची न्हाई. मी सांगितलं तेच बराबर केलं त्यांनी. फोर्कलिफ्टचं बोलणं ह्या गाडीला लागू न्हाई, हे मी सांगितलंच न्हाई. आता बैठक घ्या आन इका."

दामूअण्णांनी इकडे तिकडे बघितलं. बोली सगळ्यांसमोर झालेली होती. ती नाकारायची कशी, ते कुणाला कळेना. विकली तर पुढच्या वेळी काय, हेही प्रत्येकाला दिसत होतं.

"इकायची असंल तर आधी मला इचारा," कविता म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"तिच्यात मी गेल्ते. तुम्ही गेल्ते का? आन आक्का, बोटं मळणी यंत्रानं घेतली. तुम्ही कामून मधी मधी करून राह्यल्या?"

कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. दामूअण्णांनी संधी साधून गाडी ठेवायचा ठराव मांडला आणि हात वर झाले. कविताने डाव्या हाताने शाल आक्कांच्या खांद्यावर टाकली. ती घसरली, तिने पुन्हा टाकली. आक्का हसल्या नाहीत. त्यांनी कविताचा पट्टीचा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि टाळ्या थांबेपर्यंत धरून ठेवला.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. जालन्याला परत जायला फाट्यावर बसची वाट बघत होतो. शेड तिथून हाकेच्या अंतरावर, बोलणं ऐकू येतं. आक्का पॉलिस्टरची साडी नेसून गाडीपाशी खाली बसल्या होत्या. एक शेतकरी मोटरसायकल चालूच ठेवून थांबला आणि बसल्या बसल्याच त्याने विचारलं, "आक्का, पंपाच्या बॅटरीला रातभर लावून ठेवू का काढू? जल्दी सांगा, शेतात मान्सं थांबलीत."

पूर्वी त्यांनी चार शब्द दिले असते. त्या उठल्या, पदर खोचला, त्याच्या गाडीजवळ गेल्या आणि चावी काढून घेतली. मोटरसायकल बंद पडली.

"आक्का!"

"कोणता पंप? कवा घेतला? चार्जर त्याच्याच संगं आल्ता का दुसरा हाय?"

"आक्का, एवढं काही न्हाई, लावू का काढू तेवढं..."

"तेवढं सांगत न्हाई मी आता. उतर. बस इथं."

त्यांनी एक पालथं खोकं त्याच्यासमोर पायाने सरकवलं. तो खोक्याकडे बघत राहिला, मग चावीकडे, मग बसला. आक्का त्याच्यासमोर बसल्या आणि बोलू लागल्या. बस आली, मी चढलो. बस वळेपर्यंत आक्का बोलतच होत्या, हातवारे करून, आणि चावी त्यांच्या मुठीतच होती.